उजळणी थांबवा, बाई

या वेळचं पत्र एका बहिणीचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

“ताई, नमस्कार. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझी धाकटी बहीण २४ वर्षांची. डिसेंबर २०२१मध्ये ओळखीतल्याच एका माणसाने तिच्यावर बलात्कार केला. चार दिवस ती घुम्यासारखी बसून होती. पाचव्या दिवशी तिने मला सांगितलं आणि आम्ही पोलिसांत गेलो. तिचा जबाब झाला, माझाही झाला. मॅजिस्ट्रेटसमोर तिचा कलम १६४चा जबाब झाला. आरोपी जामिनावर बाहेर आहे. आता सत्र न्यायालयात साक्ष लागली आहे. दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा पुढची तारीख मिळाली.

मी तिची तयारी करून घेते आहे. जबाबाच्या झेरॉक्सवरून एका दोनशेपानी वहीत प्रश्न काढले आहेत. रोज रात्री जेवणं झाली की तासभर उजळणी घेते. पूर्वी त्या वेळी आम्ही पत्ते खेळायचो. पण तिचं रोज काहीतरी चुकतं. जबाबात निळा शर्ट आहे, ती म्हणते आठवत नाही. जबाबात साडेसात आहे, ती कधी सात म्हणते, कधी नुसतं ‘अंधार पडला होता’ म्हणते. मध्येच कारण नसताना हसते. परवा मी रागावले तर दोन दिवस नीट जेवली नाही. म्हणते, तो समोर असेल तर माझ्या तोंडून शब्द फुटणार नाही. आई म्हणते, मिटवून टाका, मुलीचं लग्न व्हायचंय. समोरच्यांचा निरोपही एका नातेवाइकाकरवी येऊन गेला. समुपदेशकाकडे न्यावं असं वाटतं, पण त्यांचे वकील म्हणतील, शिकवून आणली, नाहीतर डोक्यावर परिणाम झालाय. तिचं चुकू नये म्हणून मी आणखी काय करू?
— एक बहीण”

बाई,

तुम्ही शिक्षिका, म्हणून हेच संबोधन तोंडात आलं. तुमच्या पत्रातलं गाव, त्या माणसाशी असलेली ओळख, बहिणीचं काम, सगळं मी काढून टाकलं आहे. पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापायला कायद्याची बंदी आहे. तुम्हीही कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर खटल्याची कागदपत्रं पाठवताना हे ध्यानात ठेवा. आपली माणसंच कौतुकाने किंवा काळजीने पुढे पाठवतात.

आता तुमचा प्रश्न. आणखी काय करू, असं विचारलंत. आणखी काही नको. जे करता आहात तेच आज रात्रीपासून बंद करा. तुमची माया मला दिसते, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी वर्गातल्या पोरांना घासून घ्यायची तुमची सवयही दिसते. पण साक्ष ही पाठांतराची परीक्षा नाही. तिथे उत्तरपत्रिका आधीपासून ठरलेली नसते.

आधी कायद्याचा धोका सांगते, कारण तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. तिने पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं आणि पोलिसांनी तुमचाही जबाब घेतला, म्हणजे बहुधा तुम्हीसुद्धा या खटल्यात साक्षीदार आहात. एका साक्षीदाराने दुसऱ्या साक्षीदाराकडून रोज तासभर उत्तरं घोटून घ्यायची, तीही लेखी प्रश्नांवरून! बचावाच्या वकिलाचा उलटतपासातला नेहमीचा प्रश्न असतो, “साक्षीला येण्याआधी याबाबत घरी कोणाशी चर्चा केली का?” तुमची बहीण शपथेवर असेल. खरं सांगितलं तर वही बाहेर येणार, लपवलं तर ती खोटं बोलली असं होणार. ज्या मुलीकडे आज फक्त खरेपणाचं बळ आहे, तिला या कात्रीत का अडकवायचं?

दुसरी गोष्ट कायद्याइतकीच मोठी. तुम्ही तिला रोज निळा शर्ट सांगता आहात. महिन्याभरात तिला निळा शर्ट ‘दिसायला’ लागेल, आणि मग तो तिच्या आठवणीतला की तुमच्या झेरॉक्समधला, हे तिचं तिलाही सांगता येणार नाही. आठवण ही कपाटातली वस्तू नाही. दर वेळी बाहेर काढली की थोडी नव्याने घडते. त्यात कोणी रागावून दुरुस्ती करत असेल, तर ती दुरुस्तीही आत जाऊन बसते.

जीव धोक्यात आहे असं वाटतं तेव्हा मेंदू टिपणं काढत बसत नाही. एखादीच गोष्ट त्याच्यात खिळ्यासारखी रुतते, दाराच्या कडीचा आवाज, एखादा वास, छताचा पोपडा. आणि घड्याळ, शर्टाचा रंग, आधी काय नंतर काय, हे विस्कटून जातं. मी १९ वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात बायकांसोबत बसले आहे. गुन्ह्याची वेळ सांगता न येणाऱ्या कितीतरी जणींना त्या वेळी शेजारच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते सांगता यायचं.

तो जबाब जरा पुन्हा वाचा, पण शिक्षिकेच्या नजरेने. “सदर इसमाने माझे मनाविरुद्ध” हे तुमच्या बहिणीचे शब्द आहेत का? ती आयुष्यात कधी ‘सदर इसम’ म्हणाली आहे का? ती बोलली, हवालदार मॅडमनी त्यांच्या भाषेत लिहिलं. आणि वेळ बघा. “साडेसात वाजण्याचे सुमारास” असंच असणार, पैजेवर सांगते. तो ‘सुमारास’ तुम्ही उजळणीत गाळलात.

न्यायालयांनाही हे ठाऊक नाही असं नाही. भारवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात या खटल्यात १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साक्षीदाराची स्मरणशक्ती छायाचित्रासारखी नसते, मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप लावल्यासारखी घटना पुन्हा उलगडत नाही. नेमकी वेळ, नेमका क्रम यांत माणूस गडबडतोच, आणि अशा किरकोळ विसंगतींवरून साक्ष फेकून द्यायची नसते. पुढे १९९६मध्ये पंजाब सरकार विरुद्ध गुरमित सिंग खटल्यात हेच बलात्काराच्या साक्षीबाबत अधिक ठामपणे आलं. तक्रार उशिरा दिली म्हणून तिच्यावर अविश्वास दाखवायचा नाही, हेही तिथे आहे. तेव्हा तुमचे ते चार दिवस मनातून काढून टाका.

मात्र नाण्याची दुसरी बाजू तुमच्यापासून लपवणार नाही. २०१२च्या राय संदीप खटल्यात याच न्यायालयाने म्हटलं आहे की एकटीच्या साक्षीवर शिक्षा द्यायची तर ती साक्ष अस्सल हवी, मुळापासून शेवटपर्यंत टिकणारी हवी. वकील दोन्ही निकाल खिशात घेऊन येतात, आपल्याला हवा तो काढतात. म्हणून गाभा आणि कड यांतला फरक ओळखा. कोणी केलं, काय केलं, तिची इच्छा नव्हती, हा गाभा. तुमच्या पत्रात या तिन्हीबद्दल तिचं एकदाही ‘चुकलेलं’ नाही. चुकतो तो शर्ट. तुम्ही महिनाभर कडेवर झगडता आहात आणि त्यात गाभ्यालाच धक्का लागतोय.

तेव्हा तिला एकच गोष्ट सांगा, ती वहीत लिहायची गरज नाही. “आठवत नाही” हे पूर्ण उत्तर आहे. पोकळी भरून काढायची नाही. समोरचा वकील थांबून बघत राहील, ती शांतता अंगावर येईल, आणि काहीतरी बोलून टाकावंसं वाटेल. तिथेच माणसं फसतात. एका मुलीला मी ओळखायचे. तिला रस्त्यावर दिवे होते का असं विचारलं. खरं तर तिला माहीत नव्हतं, पण साहेब बघतायत म्हणून “होते” म्हणाली. पुढचा पाऊण तास उलटतपास त्या दिव्यांवर झाला. त्या रस्त्यावर दिवेच नव्हते.

मग तयारी काहीच नाही का? आहे, पण ती सरकारी वकिलांबरोबर. साक्षीच्या आधी त्यांना भेटायची वेळ मागून घ्या. त्यांच्यासमोर तिने आपला जबाब वाचणं याला कोणी शिकवणं म्हणत नाही. कधी आणि कसा वाचायचा ते त्यांना ठरवू दे. जबाबात काही चुकीचं लिहिलं गेलं असेल, तर तेही तिने तेव्हाच त्यांना सांगावं. आणि ती वही लपवू किंवा फाडू नका. झाला प्रकार सरकारी वकिलांना स्वच्छ सांगून टाका. त्यांना तो पिंजऱ्यात पहिल्यांदा कळायला नको.

सरकारी वकिलांच्या टेबलावर रोज वीस-पंचवीस फायली असतात हे मलाही माहीत आहे. म्हणून तुम्ही स्वतःचाही वकील ठेवू शकता. तो सरकारी वकिलांना मदत करतो, खटला मात्र सरकारच चालवतं. त्याला पैसे लागतीलच असं नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो. मनोधैर्य योजनेच्या, म्हणजे पीडितांना सरकार देतं त्या आर्थिक मदतीचा अर्ज केला नसेल तर त्याच फेरीत त्याच ऑफिसात चौकशी करा. उलटतपासात “या पैशांसाठीच खोटी केस केली” असं सुचवलं जाऊ शकतं. त्या भीतीने हक्क सोडायचा नाही.

आता तिच्या भीतीकडे येते. शब्दच फुटणार नाही, असं ती म्हणते. त्या दिवशीही तसंच झालं होतं का? पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण “ओरडली का नाहीस?” हा प्रश्न तुमच्या वहीत नक्की असेल.

आपल्या भाषेला हे फार पूर्वीपासून माहीत आहे, बाई. वाचा बसली, दातखीळ बसली, पाय गळाले, हातापायांतलं बळ गेलं, जागच्या जागी थिजली. हे सगळे वाक्प्रचार कशाचे आहेत? साप दिसला की माणूस थिजतो, हे आपण मान्य करतो. मुलगी थिजली की मात्र पुरावा मागतो. स्टॉकहोममध्ये बलात्कारपीडित स्त्रियांसाठीच्या तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ जणींचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के जणींनी शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचं सांगितलं, ४८ टक्के जणींच्या बाबतीत ते अतितीव्र होतं. म्हणजे हलता न येणं हा अपवाद नाही. ती संमती तर नाहीच नाही.

हे न कळल्याची किंमत आपल्याच विदर्भाने मोजली आहे. मार्च १९७२मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडलं, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराची खूण नव्हती. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदा शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निमूटपणे शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक त्यांनी न्यायालयाला समजावून सांगितला. त्यातून मोर्चे निघाले आणि १९८३मध्ये कायदा बदलला. तुमच्या बहिणीची साक्ष बंद दाराआड होईल, तिचं नाव छापता येणार नाही, ते त्या मुलीमुळे. आणि तो खटला मात्र आपण अजून तिच्याच नावाने ओळखतो! मी तरी ते नाव लिहीत नाही.

तिच्या हसण्याचं तुम्हाला फार लागलं आहे असं दिसतं. ताण असह्य झाला की काही माणसं रडतात, काही कोरडी पडतात, काही हसतात. तेराव्याला हसू अनावर झालेली माणसं तुम्ही पाहिली असतील. कोर्टात मात्र अजूनही ‘पीडिता कशी दिसते’ याचं एक चित्र काहींच्या डोक्यात असतं, हे खरं. म्हापशाच्या सत्र न्यायालयाने मे २०२१मध्ये पाचशेहून अधिक पानांचा एक निकाल दिला. आरोपी सुटला, आणि तक्रारदार स्त्रीचं नंतरचं वागणं पीडितेकडून अपेक्षित असतं तसं नव्हतं, अशी चर्चा त्या निकालात आली. त्यावर देशभर टीका झाली. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांसाठी पुस्तिका काढली. असे साचे डोक्यातून काढा, प्रत्येक माणूस आघाताला वेगळा प्रतिसाद देतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा तिला “तिथे हसू नकोस” असंही सांगू नका. हसू दाबण्यात तिचं अर्धं लक्ष जाईल. सरकारी वकिलांना मात्र आधी कल्पना द्या, म्हणजे गरज पडली तर तेच तिला विचारतील, “घाबरलीस का?”

तो समोर असण्याबद्दल. इथे तुम्हाला कामाला लावते, कारण यातलं बरंचसं मिळू शकतं, फक्त मागितल्याशिवाय मिळत नाही. २००४च्या ‘साक्षी’ नावाच्या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की पीडितेला आरोपीचा चेहरा किंवा शरीर दिसणार नाही असा पडदा किंवा तशी व्यवस्था करावी; घटनेशी थेट संबंधित उलटतपासाचे प्रश्न लेखी न्यायाधीशांकडे द्यावेत आणि त्यांनी ते सोप्या, लाज न आणणाऱ्या भाषेत विचारावेत; आणि साक्ष देताना तिला पुरेशी विश्रांती द्यावी. हे निव्वळ लहान मुलांसाठी नाही, हे लक्षात घ्या. कोणी तसं म्हणालंच, तर जानेवारी २०२२चा स्मृती तुकाराम बडदे विरुद्ध महाराष्ट्र हा निकाल दाखवा. त्यात ‘असुरक्षित साक्षीदार’ या शब्दाची व्याप्ती वाढवली गेली. लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती कोणत्याही वयाची, कोणत्याही लिंगाची असो, ती त्यात येते. प्रत्येक जिल्हा न्यायालयात अशा साक्षीदारांसाठी किमान एक कायमचं केंद्र असावं, असंही तिथे बजावलं आहे: वेगळी वाट, वेगळी बसायची खोली, साक्ष पडद्याआडून किंवा व्हिडिओवरून.

तुमच्या जिल्ह्यात ते केंद्र चालू आहे की कुलूपबंद, हे तारखेच्या आधीच जाऊन बघा. तारखेच्या निदान आठ-दहा दिवस आधी अर्ज पडू द्या: बंद दाराआड सुनावणी, पडदा किंवा व्हिडिओ, मध्ये थांबण्याची मुभा, शक्य असेल तर महिला न्यायाधीश. “शक्य असेल तर” हे कायद्यातलंच आहे, तेव्हा त्यावर फार अडून राहू नका. मी खेकसणाऱ्या बाईसाहेब पाहिल्या आहेत आणि स्वतः उठून पंखा लावणारे साहेबही. अर्ज तोंडी नको, लेखी हवा, म्हणजे त्यावर काहीतरी हुकूम होतो.

आणि हो, बंद दाराआड म्हणजे तुम्हीही बाहेर. तुमची स्वतःची साक्ष झाल्याशिवाय तुम्हाला आत बसता येणार नाही. तिच्याजवळ कोण असेल हे आत्ताच ठरवा. न रडणारी एखादी मावशी, आत्या, मैत्रीण किंवा समुपदेशक. त्या व्यक्तीला आत बसू देण्याची परवानगी त्याच अर्जात मागा. आईंना नको. त्यांचा चेहरा बघून ही वाक्य अर्धवट सोडेल.

एक दिवस आधी, दुपारनंतर कोर्ट रिकामं होतं तेव्हा, तिला नुसती ती खोली दाखवून आणा. न्यायाधीश कुठे बसतात, स्टेनो कुठे, पिंजरा कुठे, बाथरूम कुठे. शेवटचं फार महत्त्वाचं. बाथरूम कुठे ते माहीत नाही म्हणून सकाळपासून पाणी न प्यायलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. आणि व्हरांड्यातल्या बाकाची व्यवस्था करा. एकदा एका कोर्टात मुलगी ज्या बाकावर बसली होती त्याच बाकाच्या टोकाला आरोपीचा काका येऊन बसला, डबा उघडून जेवला. बोलला काहीच नाही. त्या दिवशी तिची साक्ष झाली नाही. तेव्हा पैरवीच्या, म्हणजे कोर्टात खटल्याचं काम बघणाऱ्या पोलिसांना किंवा सरकारी वकिलांना सांगून, पुकारा होईपर्यंत तिला त्यांच्या खोलीत बसवा.

उलटतपासाबद्दल दोन शब्द. उलटतपास घेणं हा आरोपीचा हक्क आहे. त्याचा वकील तिला खोटं पाडायचा प्रयत्न करणार, ते त्याचं कामच आहे, हे तिला आधी सांगा म्हणजे ती ते अंगावर घेणार नाही. मात्र अपमान करणं हा कोणाचाच हक्क नाही. तिचे आधीचे शरीरसंबंध, तिचं ‘चारित्र्य’ यांबद्दल प्रश्न विचारायला पुरावा कायद्याने मनाई केली आहे. असभ्य किंवा निव्वळ डिवचायला विचारलेले प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात. हरकत सरकारी वकिलांनी घ्यायची. ते मोबाइल बघत असतील तर तिने थेट न्यायाधीशांकडे बघावं: “साहेब, या प्रश्नाचं उत्तर मला द्यावं लागेल का?” या एका वाक्याने खोलीतली हवा बदललेली मी पाहिली आहे. प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणायचं. पाणी हवं तर मागायचं.

शेवटी शेवटी सूचनांचा मारा होतो. “तुम्ही स्वतःहून गेलात असं माझं म्हणणं आहे.” “पैशाच्या वादातून खोटी केस केली.” हे प्रश्न नसतात, बचावाची बाजू नोंदवून घेण्याची ती रीत आहे. उत्तर एवढंच, “हे खरं नाही.” साक्षीच्या कागदावर ते “हे म्हणणे खरे नाही की…” असं एकाखाली एक उतरतं. दहा वेळा सुचवलं तर दहा वेळा, त्याच आवाजात. आणि “हे जबाबात नाही” असं म्हणाले तर: “मी सांगितलं होतं. का लिहिलं नाही ते मला सांगता येणार नाही.” अर्थात, खरोखर सांगितलं असेल तरच. साक्ष संपली की ती वाचून दाखवायची असते, चूक असेल तर तिथेच सांगायचं असतं. थकून सही करून निघू नका.

तारखांचं दुखणं जुनं आहे. अशा खटल्याची सुनावणी दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत संपवावी असं कायद्यात लिहिलं आहे, आणि तुम्ही साडेतीन वर्षांवर उभ्या आहात. यावर आणखी काय लिहू? एवढंच करा. साक्षीदार हजर असताना सबळ कारणाशिवाय तारीख देऊ नये, आणि वकील दुसऱ्या कोर्टात आहेत हे कारण चालत नाही, ही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३०९ कलमातली वाक्यं तुमच्या वकिलांना त्या दिवशी उभं राहून म्हणायला सांगा. सरतपास (सरकारी वकिलांचे प्रश्न) आणि उलटतपास एकाच दिवशी किंवा लगोलग व्हावा, असाही आग्रह धरा. (तुमचा खटला १ जुलै २०२४च्या आधीपासून चालू असेल तर जुनीच संहिता लागू राहते, नव्या कलमांच्या आकड्यांनी गोंधळू नका.) आणि प्रवासखर्चाचा भत्ता मागायला संकोच करू नका. तो तिचा आहे.

आईंना सांगा, बलात्काराचा गुन्हा मिटवता येत नाही. कायद्यात त्याला तडजोडच नाही, आणि तडजोड म्हणजे स्त्रीच्या प्रतिष्ठेवरच घाव, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये मदनलाल खटल्यात म्हटलं आहे. ‘मिटवणं’ म्हणजे प्रत्यक्षात मुलीने शपथेवर खोटं बोलणं. त्यांच्यावर चिडू नका, त्या भीतीने बोलतात. पण निरोप आणणाऱ्या नातेवाइकाची तारीख, वेळ, शब्द टिपून ठेवा आणि तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा. आरोपीच्या जामिनाच्या अटींशी त्याचा संबंध असतो. धमकीचा सूर असेल तर २०१८च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो.

समुपदेशकाकडे जरूर न्या, साक्षीची वाट न बघता. झोप, भूक, दचकणं, छातीतली धडधड यांवर काम होईल. साक्षीत काय बोलायचं यावर चांगली समुपदेशक बोलणारच नाही, तसं पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. उपचार घेतले म्हणून कोणी साक्षीला अपात्र ठरत नाही. प्रश्न समजून उत्तर देता येतं एवढंच कायदा बघतो. जिल्ह्यातलं ‘सखी’ वन स्टॉप सेंटर, महिलांसाठी १८१, मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६. यातला १४४१६ तुमच्यासाठीही आहे. तीन वर्षं तुम्हीही नीट झोपलेल्या नाही, ते पत्राच्या अक्षरावरून कळतं.

साक्षीच्या दिवशी ती संध्याकाळी रिकामी रिकामी होईल, किंवा तापेल, किंवा नुसती झोपेल. “काय काय विचारलं?” असं विचारू नका. तुमची साक्ष व्हायची असेल तर मुळीच नाही. जेवायला काय हवं, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. निकाल काय लागेल ते तिच्या हातात नाही, तुमच्याही नाही.

आणि आज रात्री जेवणं झाली की पत्ते काढा. दोघींत झब्बू रंगत नाही. आईंनाही बसवा.